मु. पो. इंटरनेट

जालना हे गाव रेल्वेच्या लेखी एका अक्षराचं आहे. आरक्षणाच्या तक्त्यात त्याचा कोड नुसता 'जे'. असा एकाक्षरी कोड देशात मोजक्याच स्टेशनांच्या वाट्याला आलाय. आपल्याकडे गोंदियाला 'जी' आहे आणि जालन्याला हा 'जे'. आरटीओला विचाराल तर हेच गाव एमएच-२१, टेलिफोन खात्याला ०२४८२, पोस्टाला ४३१२०३. मोसंबीची गाडी घेऊन निघालेला ड्रायव्हर यातलं काहीच म्हणत नाही. "कुठली गाडी?" "जालन्याची." विषय संपला.

खात्याला नंबर लागतो आणि माणसाला नाव. हा दुहेरी संसार इंटरनेटवरही आहे, फक्त तिथे तो पडद्याआड आणि इतक्या झटपट चालतो की आपल्याला नावच तेवढं दिसतं. मोबाइलवर 'जालना डॉट गव्ह डॉट इन' टाइप केलं की जिल्ह्याचं संकेतस्थळ उघडतं. पण ज्या तारांतून आणि टॉवरांवरून ते येतं त्यांना 'जालना' हा शब्द कळत नाही, त्यांना आकडे कळतात. मधल्या मध्ये कुणीतरी नावाचा नंबर करून देतं. ते कोण, कसं करतं, आणि त्यात बिघाड झाला किंवा कुणी मुद्दाम केला तर आपल्याला तो कसा ओळखता येईल, एवढंच इथे सांगायचं आहे. मु. पो., ता., जि. असा पत्ता लिहिता येणाऱ्या माणसाला यातलं निम्मं आधीच येतं.

आधी पिन कोडाची गोष्ट, कारण ती आपल्या माणसाची आहे. १५ ऑगस्ट १९७२ रोजी देशात पिन कोड सुरू झाला. त्यामागचं डोकं श्रीराम भिकाजी वेलणकरांचं. केंद्रीय दळणवळण खात्यात मोठ्या हुद्द्यावर असलेले हे मराठी गृहस्थ एरवी संस्कृतचे पंडित आणि कवी होते. त्यांच्यापुढची अडचण कुठल्याही पोस्टमनला ठाऊक असलेली होती. एकाच नावाची गावं देशात ढिगाने, लिहिणारे दहा लिप्यांत लिहिणार, त्यात अक्षर कुणाचं कसं आणि शुद्धलेखन कुणाचं कसं. सॉर्टिंगला बसलेल्या माणसाने वाचायचं तरी काय? वेलणकरांनी त्याला सहा आकडे दिले. ४३१२०३ मधला ४ म्हणजे देशाचा पश्चिम भाग: महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगड. एकेक आकडा पुढे सरकेल तसा नकाशा लहान होत जातो. पहिले तीन आकडे टपाल मराठवाड्यात आणून सोडतात, शेवटचे तीन नेमकं पोस्ट सांगतात.

इंटरनेटवरचा नंबर याच घडणीचा आहे: डावीकडे मोठा मुलूख, उजवीकडे जाताना बारीक. त्याला आयपी पत्ता म्हणतात. चार तुकडे, मध्ये तीन टिंबं, आणि प्रत्येक तुकडा ० ते २५५ मधला. २५५च का? यंत्राला शून्य आणि एक एवढंच मोजता येतं, आणि आठ जागांवर शून्य-एक मांडायच्या तऱ्हा २५६ होतात, म्हणून. सरकारी कामासाठी ज्यांनी सेवा केंद्रांच्या पायऱ्या झिजवल्या आहेत त्यांना १६४.१०० ने सुरू होणारे आकडे पडद्यावर दिसल्याचं आठवेल. १६४.१०० हा अख्खा पट्टा, म्हणजे ६५ हजार ५३६ नंबर, राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या, म्हणजे एनआयसीच्या, ताब्यात आहे. जिल्हाधिकारी कार्यालयात 'जिल्हा सूचना विज्ञान अधिकारी' अशी पाटी असलेलं जे दार असतं, ते याच एनआयसीचं.

एका तालुक्याच्या गावी, सेवा केंद्रात, मॉनिटरच्या कडेला चिकटपट्टीने लावलेला एक कागद मी पाहिला होता. त्यावर पेनाने लिहिलेले असे तीन-चार नंबर. "काका, नावानं उघडलं नाही तर नंबरानं उघडतं," केंद्र चालवणारा पोरगा म्हणाला. हे त्याला कुणी शिकवलेलं नव्हतं, अनुभवाने उमगलेलं होतं. त्या कागदाचं पुढे काय झालं ते येईलच.

चार तुकड्यांच्या या पद्धतीत एकंदर नंबर होतात सुमारे ४२९ कोटी. ही पद्धत ठरली तेव्हा, १९८१च्या सुमारास, कुणालाही ते पुरून उरतील असंच वाटलं असणार. (गंमत म्हणजे जालना जिल्हाही त्याच साली, १ मे १९८१ला, औरंगाबादेतून वेगळा निघाला.) आज जगाची लोकसंख्याच ८०० कोटींवर आहे आणि एकेका घरात पाच-पाच मोबाइल आहेत. ३ फेब्रुवारी २०११ रोजी जागतिक कोठारातले शेवटचे गठ्ठे वाटून झाले, आणि त्याच वर्षी १५ एप्रिलला आशिया-पॅसिफिकच्या कोठारात रेशनिंग लागू झालं. मग आपलं चालतंय कसं?

मोंढ्यासारखं. प्रत्येक मोंढ्यात गाळा नंबर एक असतो. जालन्याच्या मोंढ्यात असतो, परतूरच्या असतो, लातूरच्याही असतो, आणि कुणाचं काही अडत नाही, कारण तो नंबर आतल्या माणसांपुरता आहे. बाहेरून येणाऱ्या ट्रकला मोंढ्याचा पत्ता लागतो. फाटकावरचा माणूस माल कुठल्या गाळ्याचा ते पाहून आत पाठवतो. घरातल्या वायफाय राउटरखाली १९२.१६८.१.१ असा काहीसा नंबर छापलेला दिसेल. तोच तुमच्या शेजाऱ्याकडेही असेल आणि ऑस्ट्रेलियात एखाद्याकडेही. तो गाळा नंबर आहे. फाटकावरचा माणूस म्हणजे राउटर. मोबाइल कंपन्या हेच मोठ्या प्रमाणावर करतात: शेकडो ग्राहक एकाच बाहेरच्या नंबरामागे. 'पोलिसांनी आयपी पत्त्यावरून घर शोधलं' हे बातमीत एका ओळीचं काम वाटतं. प्रत्यक्षात त्यांना अचूक वेळ हवी असते आणि कंपनीच्या नोंदवहीतून त्या क्षणी तो नंबर कुणाकुणाला वापरायला दिला होता हे चाळावं लागतं.

कायमचा उतारा म्हणून नंबरच लांब केला गेला. नव्या पद्धतीतले, म्हणजे आयपीव्ही-सिक्सचे, पत्ते इतके आहेत की ती संख्या लिहायला ३९ आकडे लागतात. या बाबतीत भारत जगात पुढच्या रांगेत आहे, आणि त्याचं श्रेय कुठल्या धोरणापेक्षा २०१६नंतर घरोघर पोचलेल्या स्वस्त फोर-जी मोबाइलला जास्त आहे. कोट्यवधी नवी गिऱ्हाइकं एकदम आली, जुने नंबर पुरणार नव्हते, म्हणून नवे वापरले गेले. जाफराबादच्या शिवारात बांधावर बसून जो पोरगा क्रिकेट पाहतो, त्याच्या फोनला बहुधा नव्या पद्धतीचा पत्ता मिळालेला असतो. त्याला त्याचा पत्ताच नसतो, हा भाग वेगळा.

आता नावांकडे येऊ. इथे खरी कारागिरी आहे.

इंटरनेटच्या पूर्वजाचं नाव अर्पानेट. त्यावर मोजके संगणक होते तोवर नावांचा कारभार एका फायलीत मावत होता. कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एलिझाबेथ फाइनलर आणि त्यांची माणसं ती सांभाळायची. नवा संगणक जोडला की त्यांना कळवायचं, त्या एक ओळ वाढवणार, आणि बाकी सगळ्यांनी नवी यादी उतरवून घ्यायची. तलाठ्याच्या दप्तरासारखी एकच वही आणि ती एकाच कार्यालयात. संगणक शेकड्यांत गेले तेव्हा ही वही रोज बदलू लागली आणि सगळ्यांकडची प्रत रोज शिळी होऊ लागली.

पण त्याहून मोठी अडचण आपल्या ओळखीची होती. सपाट यादीत एक नाव एकदाच येऊ शकतं. समजा, अख्ख्या महाराष्ट्रात पिंपळगाव एकच असावं असा हुकूम निघाला, तर? भोकरदन तालुक्यातल्या पिंपळगावने आपल्या नावामागे रेणुकाई लावलं, घनसावंगीतल्या जांबने समर्थ लावलं, म्हणजे लोकांनी आपल्यापुरता मार्ग काढला. पण सगळ्या पिंपळगावांना, सगळ्या वडगावांना कुठून नवी नावं आणायची? आपल्याकडे त्याची गरज पडत नाही कारण पत्ता गावापाशी थांबत नाही. ता. घनसावंगी, जि. जालना असं पुढे आलं की गोंधळ मिटतो. शिवाय घनसावंगीत कोणती गावं आहेत हे घनसावंगीच्या तहसीलला माहीत असलं की पुरतं. मुंबईच्या मंत्रालयाने ती पाठ करायची गरज नसते.

१९८३ साली पॉल मोकापेट्रिस या संगणकतज्ज्ञाने नेमकी हीच रचना इंटरनेटला दिली. तिचं नाव डोमेन नेम सिस्टिम, डीएनएस. नाव टिंबांनी तोडायचं, प्रत्येक तुकड्याचा कारभार ज्याचा त्याने पाहायचा, आणि वरच्याने फक्त आपल्या खालचा कोण एवढंच लक्षात ठेवायचं. मराठी पत्ता लहानाकडून मोठ्याकडे जातो: गाव, तालुका, जिल्हा. डोमेनही तसंच: जालना, मग गव्ह, मग इन. 'इन' म्हणजे भारत, 'गव्ह' म्हणजे सरकार, 'जालना' म्हणजे जालना. नंबर डावीकडून वाचायचा आणि नाव उजवीकडून. दोघांच्या तऱ्हा उलट्या आहेत, पण एक दुसऱ्याला जोडलेला. इथे वेलणकरांची पुन्हा आठवण येते. त्यांच्या नावावर एक 'विलोमकाव्य' आहे, सरळ वाचलं तर रामाची स्तुती आणि उलट वाचलं तर कृष्णाची. पिन कोड करणाऱ्या माणसाला डोमेनची ही उलटी चाल एका मिनिटात कळली असती.

नावाचा नंबर प्रत्यक्षात कसा होतो ते पाहायला एक प्रवास करू. समजा, एक माणूस मुंबईहून जांब समर्थला निघालाय, समर्थ रामदासांच्या जन्मगावी, कुणाच्या तरी घरी. हातात पत्ता आहे, पण रस्ता माहीत नाही. मुंबई सेंट्रलच्या एसटी स्टँडवर त्या घराबद्दल विचारून उपयोग नाही. चौकशीच्या खिडकीतला माणूस पत्त्याचा शेवटचा शब्द वाचतो आणि म्हणतो, "जालना गाडी अमुक फलाटावर." जालन्याच्या स्टँडवरचा माणूस त्याच्या अलीकडचा शब्द वाचतो: "घनसावंगी? तिकडं लागते." घनसावंगीत कुणी जांबची जीप दाखवतं. आणि गावात पारावर बसलेला एखादा म्हातारा विचारतो, "कोणाच्यात जायचं? चला, त्या देवळामागचं घर." या साखळीत प्रत्येकाला फक्त पुढची पायरी माहीत होती. पूर्ण रस्ता कुणालाच माहीत नव्हता, आणि माणूस पोचला.

तुम्ही भोकरदनमध्ये बसून जिल्ह्याच्या संकेतस्थळाचं नाव टाइप करता तेव्हा असाच प्रवास घडतो, फक्त तो तुमच्या वतीने दुसरा करतो. मोबाइल कंपनीकडे एक यंत्र असतं, रिझॉल्व्हर नावाचं. त्याचं काम एकच: विचारत फिरणं. ते आधी 'मूळ' सर्व्हरकडे जातं. त्याला जालना ठाऊक नाही, गव्हही ठाऊक नाही, तो सांगतो, "इन वाल्यांना या नंबरावर गाठ." इनचा सर्व्हर म्हणतो, "गव्हचा कारभार या नंबरावर बसलेल्यांकडे." गव्हच्या दप्तरात जालन्याची नोंद असते, तिथून शेवटचा धागा मिळतो. नंबर हाती आला की रिझॉल्व्हर तो तुमच्या फोनला देतो, आणि मग कुठे फोन त्या नंबराशी बोलायला लागतो. हे सगळं पापणी लवायच्या आत उरकतं.

त्या मूळ पायरीला नाव नाही. म्हणजे, तिचं नाव एक टिंब आहे. प्रत्येक डोमेनच्या शेवटी एक न दिसणारं टिंब असतं: जालना डॉट गव्ह डॉट इन डॉट. आपण ते लिहीत नाही, जसं जि. जालनापुढे कुणी 'पृथ्वी' लिहीत नाही. विश्वास नसेल तर शेवटी एक टिंब जास्तीचं देऊन पाहा, बहुतेक संकेतस्थळं उघडतात. या मूळ सर्व्हरांची नावं आहेत तेरा, इंग्रजी ए पासून एम पर्यंत. तेराच का, तर जुन्या काळी एका उत्तराच्या पाकिटात ५१२ बाइट्स मावायच्या आणि त्यात साधारण एवढ्याच नोंदी बसत. पण जगात यंत्रं तेराच आहेत असं समजू नका. या नावांच्या मिळून हजारावर प्रती जगभर बसवलेल्या आहेत, त्यांतल्या काही मुंबईतही. प्रश्न सहसा जवळच्या प्रतीकडे जातो.

विचारत फिरणारा हुशार असला की एकदा विचारलेलं वहीत लिहून ठेवतो. रिझॉल्व्हरही ठेवतो. दुसऱ्या मिनिटाला अंबडहून कुणी तेच नाव विचारलं तर तो पुन्हा सगळ्या खिडक्या फिरत नाही, वहीतून सांगतो. पण वही किती दिवस खरी मानायची? हे नावाच्या मालकाने ठरवायचं असतं. तो नोंदीसोबत मुदतही लिहितो, सेकंदांत. ३०० म्हणजे पाच मिनिटं, ८६,४०० म्हणजे पूर्ण दिवस. मुदत संपली की वहीतली ओळ खोडायची आणि नव्याने विचारायचं. एखादं संकेतस्थळ नव्या सर्व्हरवर हलवलं की काही तास कुणाला नवं दिसतं आणि कुणाला जुनंच, त्याचं कारण ही वही. संकेतस्थळवाले 'चोवीस तास लागतील' म्हणतात तेव्हा ते दर वेळी टाळाटाळ करत नसतात.

आणि आता त्या चिकटपट्टीच्या कागदाबद्दल. पुढच्या खेपेला गेलो तेव्हा त्यावरच्या दोन नंबरांवर काट मारलेली होती. सर्व्हर हलला, नंबर बदलला, कागद शिळा झाला. हाताने लिहिलेल्या नोंदीला मुदत नसते ना. शिवाय दुसरंही एक कारण आहे. आता पुष्कळदा एकाच नंबरामागे शेकडो संकेतस्थळं राहतात, जुन्या वाड्यात बिऱ्हाडं राहायची तशी. वाड्याच्या दारात उभं राहून कुणाकडे आलात ते सांगितलंच नाही तर आत कोण घेणार? म्हणून ब्राउझर नंबरावर पोचल्यावर नावही सांगतो. नुसता नंबर टाकून गेलात तर भलतंच पान येतं किंवा काहीच येत नाही. उलटही होतं: एका नावामागे अनेक नंबर. दहावी-बारावीच्या निकालाच्या दुपारी बोर्डाच्या संकेतस्थळावर राज्यभरातून एकाच मिनिटाला लाखो बोटं पडतात. अशा गर्दीसाठी वेगवेगळ्या विचारणाऱ्यांना वेगवेगळ्या सर्व्हरचे नंबर देता येतात. नाव मात्र एकच राहतं. दुकान हललं तरी पाटी तीच.

'सर्व्हर डाउन' हा मराठवाड्यातल्या सेवा केंद्रांत बहुधा सर्वांत जास्त ऐकू येणारा शब्द असेल. पीक विम्याची शेवटची तारीख, बाहेर रांग, आत पोरगा मान न वळवता म्हणतो, सर्व्हर डाउन. "काऊन उघडंना बाप्पा?" म्हातारे विचारतात आणि त्यांना उत्तर मिळत नाही. मला या शब्दाचा राग आहे, कारण त्यात दोन वेगळे आजार एका नावाने खपवले जातात. पांढऱ्या पानावर खाली बारीक अक्षरांत जो कोड येतो तो एकदा वाचा. त्यात 'डीएनएस' किंवा 'एनएक्सडोमेन' असं दिसलं तर नावाचा नंबरच मिळालेला नाही. बहुधा एक तर नाव चुकीचं टाइप झालंय, नाही तर तुमच्या कंपनीचा रिझॉल्व्हर आजारी आहे. अशा वेळी दुसऱ्या कंपनीच्या सिमवर पाहावं, किंवा फोनच्या सेटिंगमध्ये दुसरा रिझॉल्व्हर द्यावा. गुगलचा ८.८.८.८ आणि क्लाउडफ्लेअरचा १.१.१.१ हे कुणालाही फुकट वापरता येतात. पण कोडात 'टाइम्ड आउट' असेल तर नंबर मिळाला होता, पलीकडून उत्तर आलं नाही. पत्ता बरोबर आहे, घरात कुणी दार उघडत नाही. मग रिझॉल्व्हर बदलून काही होणार नाही. आधी आपलं स्वतःचं नेट चालतंय का ते दुसरं एखादं संकेतस्थळ उघडून पाहावं, आणि ते चालत असेल तर म्हाताऱ्यांना खुशाल घरी पाठवावं, दिवसभर ताटकळत ठेवू नये.

भारताचं 'इन' हे नाव जागतिक यादीत ८ मे १९८९ रोजी लागलं. त्याचा कारभार पुढे बरीच वर्षं मुंबईतून, जुहूच्या नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजीतून चालला. विदेश संचार निगमने १९९५मध्ये सामान्य माणसाला इंटरनेट दिलं तेही १५ ऑगस्टलाच, पिन कोडानंतर बरोबर तेवीस वर्षांनी. पण 'इन' मिळवणं इतकं किचकट होतं की २००४ संपेपर्यंत अशा नावांची संख्या कशीबशी सात हजारांच्या घरात होती. 'इन'चा कारभार आता जिच्याकडे आहे ती निक्सी ही संस्था २००३मध्ये उभी राहिली, २००५च्या सुरुवातीला नियम सैल झाले, आणि आज ही नावं चाळीस लाखांवर आहेत.

देवनागरीचीही कथा आहे, आणि ती मला जरा खटकते. २७ ऑगस्ट २०१४ रोजी 'डॉट भारत' सुरू झालं. मराठीसह आठ भाषांसाठी, अख्खं नाव देवनागरीत. डीएनएसला मात्र मुळात रोमन अक्षरं, आकडे आणि आडवी रेघ एवढंच ओळखता येतं. म्हणून तुम्ही 'भारत' टाइप करता तेव्हा ब्राउझर मागच्या मागे त्याचं 'एक्स-एन-रेघ-रेघ-एच-टू-बी-आर-जे-नाइन-सी' असं काहीतरी करतो आणि तेच विचारायला पाठवतो. आपल्या देशाचं नाव आतून असं दिसतं. यंत्राला चालतं, हरकत नाही. खटकतं ते हे की सोय होऊन दहा वर्षं उलटली तरी मराठी साहित्याला वाहिलेली संकेतस्थळंसुद्धा नाव रोमनमध्येच घेतात. दुकानावर मराठी पाटी हवी म्हणून रस्त्यावर उतरणाऱ्यांनी या पाटीकडे पाहिलेलंच नाही.

आता ज्यासाठी हे सगळं सांगितलं ते. छत्रपती संभाजीनगरात 'जालना रोड' नावाचा मोठा रस्ता आहे, दुकानं, दवाखाने, हॉटेलं यांनी भरलेला. त्या रस्त्यावरच्या पत्त्यात 'जालना' हा शब्द असतो, पण त्या पत्त्यावरचं पत्र जालन्याला येत नाही. का? कारण पोस्टमन शेवटून वाचतो. शेवटी छत्रपती संभाजीनगर लिहिलंय, संपलं.

व्हॉट्सॲपवर येणाऱ्या फसव्या लिंक याच खाचेत बोट घालतात. पीएम किसानचं खरं संकेतस्थळ 'पीएमकिसान डॉट गव्ह डॉट इन'. समजा, लिंक आली 'पीएमकिसान डॉट गव्ह डॉट इन डॉट अमुकतमुक डॉट कॉम'. आपला डोळा डावीकडून वाचत येतो, पीएम किसान दिसतं, गव्ह दिसतं, मन निर्धास्त होतं. डीएनएस उजवीकडून वाचतं: कॉम, मग अमुकतमुक. मालक अमुकतमुक. डावीकडे त्याने काय लिहावं हे त्याच्या मर्जीवर, कारण तो त्याच्या तालुक्याचा राजा आहे. त्याने आपल्या वाड्याला मंत्रालय म्हटलं तरी कुणी अडवत नाही. टिंबाच्या जागी रेघ हीसुद्धा तीच चलाखी. 'जालना-गव्ह-इन डॉट कॉम' हे डीएनएसच्या लेखी 'कॉम'मधलं एक सलग नाव आहे, सरकारशी त्याचा संबंध नाही. 'गव्ह डॉट इन'खाली नाव मिळायचं तर एनआयसीकडूनच मिळतं, तेही सरकारी कार्यालयाला. पैसे टाकून ते बाजारात विकत मिळत नाही, म्हणून त्या दोन शब्दांना किंमत आहे. मात्र ते दोन शब्द शेवटी असले पाहिजेत.

बँकांसाठीही आता असंच कुंपण आहे. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०२५मध्ये जाहीर केलं आणि ३१ ऑक्टोबर २०२५पर्यंतची मुदत दिली: सगळ्या बँकांनी आपली संकेतस्थळं 'बँक डॉट इन'खाली न्यावीत. ही नावं हैदराबादची आयडीआरबीटी ही एकच संस्था देते आणि फक्त बँकांना देते.

तेव्हा लिंक आली की घाई करू नका. सुरुवातीच्या जोड तिरक्या रेघा सोडून द्या आणि त्यांच्यानंतर पहिली एकटी तिरकी रेघ शोधा. ती नसेल तर पत्त्याचं शेवटचं टोक धरा. तिथे बोट ठेवा आणि डावीकडे सरका. पहिले दोन-तीन शब्द वाचा. 'गव्ह डॉट इन' किंवा 'बँक डॉट इन' आलं तर पुढे जा, नाही तर ज्याने पाठवली त्याला फोन करून विचारा. घरातल्या म्हाताऱ्यांना हे शिकवताना डोमेन, सर्व्हर असले शब्द वापरू नका. पोस्टमन पत्ता कसा वाचतो ते विचारा, त्यांना लगेच कळेल. आणि एवढं करूनही पैसे गेलेच, तर एक नंबर पाठ असू द्या: १९३०, सायबर फसवणुकीची राष्ट्रीय हेल्पलाइन. फोन लगेच करा, कारण पैसा एका खात्यातून दुसऱ्यात जसजसा पुढे सरकतो तसतसं तो गोठवणं अवघड होतं.